पितळी खल

या, जवळ सरका. नबींचं नाव घ्या आणि ऐका. गोष्ट लहान आहे, पण घशाखाली सहज उतरणारी नाही.

नाव डुलली तशी वहीबाने मांडीवरची टोपली घट्ट धरली. तिचा लेक बखीत पलीकडच्या तीरावरचा मनोरा दाखवत होता.

"अम्मा, तो बघ! वर चढलं की अख्खं कैरो दिसतं."

"दिसू दे. मला नात कधी दिसणार?"

नावाडी हसला. "हाज्जा, टोपलीत कबुतरं आहेत का? उडून जातील म्हणून धरून बसलात जणू!"

टोपलीत उन्हात फुगवलेल्या भाकऱ्या होत्या, तूप होतं, आणि तळाशी पितळी खलबत्ता. सातवीला, म्हणजे जन्माच्या सातव्या दिवशी, आजीने तो बाळाच्या कानाशी वाजवायचा, म्हणजे लेकरू जन्मात कशाला दचकत नाही. वर हसत म्हणायचं, 'आईचं ऐक, बापाचं ऐकू नकोस.' मग दृष्ट लागू नये म्हणून घरभर मीठ-गहू उधळायचे. बखीतच्या कानाशी हाच खल वाजला होता.

पण सकाळी ती गाडीतून उतरल्या उतरल्याच बखीत म्हणाला होता, "सातवी पुढच्या चंद्रावर ढकललीय, अम्मा. लांबून प्रवास करून आलेलं माणूस बाळंतिणीसमोर गेलं की दूध आटतं. तूच सांगायचीस ना? आज शहर बघ, रात्रीच्या गाडीने परत जा."

तीच सांगायची. शेजारणीला तिने एकदा याच कारणाने उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं. आता कुठल्या तोंडाने बोलणार?

दुपारी ती दोघं सय्यिदा झैनबच्या मशिदीत टेकली. एक म्हातारा डफावर नबींच्या जन्माची कथा गात होता. वहीबाचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते. ऐकता ऐकता बखीतला डुलकी लागली. लहानपणासारखं त्याचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. केस सारखे करायला तिने हात नेला, तर कोटाच्या कॉलरखाली बोटाला काहीतरी टोचलं.

गव्हाचा दाणा. आणि जाड मिठाचे खडे.

एक खडा तिने जिभेवर ठेवला. मग कॉलर नीट दुमडली. अजान होईपर्यंत तिने खांदा हलवला नाही.

रात्री गाडीच्या खिडकीशी तिने विचारलं, "घरी पाहुणे फार आहेत का रे?"

"तिच्या माहेरची माणसं. मोठी माणसं आहेत, अम्मा." त्याची नजर तिच्या काळ्या झग्याच्या काठावर गेली.

"झगा धुतलेला आहे, बाळा."

"तसं नाही गं. टोपली दे ना, घेऊन जातो."

तिने भाकऱ्या आणि तूप खिडकीतून दिलं.

"आणि खल?"

"तो राहू दे. काल लेकरू दचकलं का रे?"

बखीतचा हात कॉलरकडे गेला आणि तिथेच राहिला. गाडी हलली.

फलाट मागे पडल्यावर वहीबाने खल मांडीवर घेतला आणि बत्त्याने एकदा, हळूच वाजवला.

"आईचं ऐक..." ती म्हणाली. पुढचं काही म्हणाली नाही.

समोरच्या बाईने हौसेने इकडेतिकडे पाहिलं. "बाळ कुठंय, मावशी?"

वहीबाने खिडकीबाहेर, मागे जाणाऱ्या दिव्यांकडे बोट दाखवलं.

तुमच्या घरी सातवी होईल, मूठभर मीठ हातात घ्याल, तेव्हा उधळण्याआधी क्षणभर थांबा. वहीबाला आठवा. आणि मन झालं, तर बखीतसाठीही एक दुवा मागा.