जागा संपत आली आहे

मित्रांनो, मी पाच वर्षांचा म्हातारा मोबाईल आहे. हसू नका! आमच्यात पाच वर्षं म्हणजे पिकलं पानच. माझ्या काचेला तडा आहे आणि त्या फटीत शाडूची माती बसली आहे, कारण माझं सगळं आयुष्य चिंचपोकळीच्या एका गणपतीच्या कारखान्यात गेलं. माझी मालकीण अक्षता तिथे मूर्ती रंगवते.

कंपनीने माझ्या पोटात नको ते कोंबूनच मला पाठवलं होतं. तीन खेळ, खरेदीची दोन दुकानं, हवामान सांगणारा एक बोलघेवडा. फोटो दाखवणाऱ्या गॅलऱ्यासुद्धा दोन! अक्षताला त्यातलं काहीच काढता येईना, कंपनीची परवानगीच नव्हती. त्यामुळे दर चार दिवसांनी मी एकच रड लावायचो, 'जागा संपत आली आहे.'

"काय कटकट रे तुझी सारखी!" असं म्हणून ती मला उपडा ठेवायची. मला फार वाईट वाटायचं.

गेल्या वर्षी मात्र जागा हवीच होती. कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी दौलतकाका करायचे. चाळीस वर्षं त्यांचाच हात. तो हात आता थरथरू लागला होता. "ह्यो माझो शेवटचो सीझन गो बाय. मगे मी आपलो गावाक," ते म्हणाले. अक्षताला ते काम शिकायचं होतं. काकांचा हात चालतोय तोवर ती आखणी तिला माझ्यात साठवून ठेवायची होती.

परळचा विनीत मोबाईल दुरुस्त करतो. त्याने मला रूट केलं, म्हणजे कंपनीचं कुलूप काढून किल्ली अक्षताच्या हाती दिली. मग त्याने आगंतुक पाहुणे एकेक करून हाकलले. जाताना तिला बजावलं, "यापुढे बघून काढायचं हां. कशाला काय जोडलंय माहीत नसेल, तर हात लावायचा नाय."

काय सांगू, अंग कसं हलकं झालं! अकरा दिवसांत मी काकांचे बारा व्हिडिओ घेतले. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवायची, श्वास रोखायचा आणि पापणीची रेघ एका दमात ओढायची. बाराव्या मूर्तीला कुंचला घसरला. काकांनी तो धुतला, पुसला आणि डब्यात ठेवून दिला. पुन्हा उचलला नाही.

व्हिडिओंनी माझं पोट भरलं आणि माझी जुनी रड सुरू झाली. 'दोन गॅलऱ्या कशाला?' असा विचार करून अक्षताने एक काढून टाकली. दुसरी विनीतने आधीच काढली होती, हे पोरीच्या ध्यानातच नव्हतं. एका क्षणात फोटो दिसेनात, व्हिडिओ दिसेनात.

"काका, मी सगळं घालवलं हो," म्हणत ती ओक्साबोक्शी रडायला लागली.

कारखान्याच्या मालकांचा मुलगा हितेंद्र स्वतःला फार हुशार समजतो. "रीसेट मारू या. नव्यासारखा होईल, सगळं परत येईल," म्हणत त्याने मला उचललं.

माझा जीव टांगणीला लागला. अरे, व्हिडिओ इथेच आहेत! दाखवणारी गॅलरी गेली, ठेवलेलं जागच्या जागी आहे. पण तू मला कोरा केलास, तर ते खरंच जातील रे! हे सांगायला मला तोंड कुठे? मला आपलं एकच वाक्य येतं. ते मी म्हटलं.

'जागा संपत आली आहे.'

दौलतकाकांनी चष्मा वर सरकवून ते वाचलं. "थांब रे हितेंद्रा! बोट काढ आधी. बारा व्हिडिओ गेले, तर जागा मोकळी नको झाली? मूर्ती गेल्यार आपलो कारखानो कसो ओस पडता? ह्यो मोबाईल अजून भरलेलोच आसा."

अक्षताने विनीतला फोन करून बोलावलं. त्याने नवी गॅलरी घातली आणि काकांचा हात बाराच्या बारा वेळा माझ्या काचेवर दिसला. त्याच दिवशी अक्षताने सगळे व्हिडिओ कारखान्याच्या कॉम्प्युटरवरही ठेवले. हे आधीच करायला हवं होतं, नाही का?

यंदा काका गावी आहेत. मी रंगाच्या डब्याला टेकून उभा असतो आणि अक्षता माझ्यातले व्हिडिओ बघत आखणी करते. मित्रांनो, नको ते जरूर काढा. पण आधी नीट बघा, आणि हवं ते दोन ठिकाणी ठेवा. म्हाताऱ्याची कटकटही कधीतरी ऐकून घ्या.

काल पहिल्या मूर्तीचे डोळे उघडले, तेव्हा मी नेमका बोललो, 'जागा संपत आली आहे.'

"हो रे बाबा, वाचलं," अक्षता म्हणाली. आणि तिने मला उपडा ठेवला नाही.