तारीखबाबा आणि आत्याचा भोंगा

नदीकाठच्या मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मांडवात उंच खुर्चीवर तारीखबाबा बसले होते आणि माणसं रांगेने तारखा मागत होती. कोणाला लेकीच्या बाळंतपणाची हवी, कोणाला परीक्षेच्या निकालाची. बाबा डोळे मिटायचे, बोटं हवेत फिरवायचे आणि म्हणायचे, "काळ माझ्या तळहातावर झोपलाय. तुम्ही त्याला उठवू नका, मीच हळूच विचारतो."

माझी आत्या पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती. शेजारी मी.

"तोंड सरळ कर," आत्या म्हणाली. "नऊ तारखेचा पूर त्यांनी दोन महिने आधी लिहून दिला होता. लाखेने बंद केलेलं पाकीट, वर 'पूर आल्यावरच उघडा'. मंत्र्यांनी सगळ्यांदेखत फोडलं ते."

हे खरं होतं, आणि माझी अडचण नेमकी तीच होती. पूर नऊ तारखेलाच आला होता.

आमची नदी बारा देशांतून वाहते. वरच्या देशातला माणूस पाण्याची पट्टी वाचतो, फोन करतो, आणि आत्याच्या गावातला भोंगा वाजतो. सामान माडीवर न्यायला सहा तास मिळतात. नऊ तारखेलाही आत्या वाचली ती भोंग्यामुळेच. पण आता मंत्री म्हणत होते, बाबा दोन महिने आधी सांगतात, तर सहा तासांचा भोंगा हवा कशाला? महिनाअखेरच्या सोमवारी समारंभ करून तो उतरवायचा होता. त्यात बाबांनी जाहीर केलं होतं की तीन वर्षं पाणी गावात शिरणार नाही. त्या शब्दावर आत्याने शिलाई मशीन माडीवरून खाली आणली होती, आणि गुडघे दुखतात म्हणून झोपायलाही लागली होती खालीच. त्या मशीनवर तिचं पोट चालतं.

मी विज्ञान अकादमीत आवक-जावक कारकून आहे. अकादमी म्हणजे देशातली जाणती शास्त्रज्ञ मंडळी. सरकारने विचारलं की सल्ला देतात, न विचारताही देतात. नदीच्या बाबतीत बाराही देशांच्या अकादम्या मिळून मोजमापं जुळवतात, मनसोक्त भांडतात, एकच कागद तयार करतात, आणि प्रत्येक जण तो आपापल्या सरकारपुढे ठेवतो.

आमच्या अध्यक्षबाईंनी बाबांचं पत्र मागवून तीन दिवस भिंगाखाली धरलं. लाख खरी, शाई खरी, टपालाचा शिक्का खरा. "लबाडी सापडत नाही गं," त्या म्हणाल्या. समोरचा चहा गार झाला होता.

मी मात्र आमच्या वेडपट कप्प्याचा विचार करत होते. प्रत्येक अकादमीत तो असतो. आपोआप फिरणारं चाक शोधणारे, चांदण्यावर गाड्या चालवणारे, यांची पत्रं मंत्रालयं आमच्याकडे ढकलतात. आम्ही आवक तारखेचा शिक्का मारतो आणि ती आत टाकतो. पुन्हा कोणी बघत नाही. आणि हा बाबा तर बारा गावचं पाणी प्यायलेला. तो एकाच विहिरीवर थांबेल?

बाकी अकरा अकादम्यांच्या कारकुनांशी माझी कागदांमुळे वर्षानुवर्षांची ओळख. मी सगळ्यांना लिहिलं, "तुमच्या वेडपट कप्प्यात लाखेचं पाकीट आहे का? फोडा, आतली तारीख कळवा आणि पत्रही पाठवा."

चार दिवसांत अकराही उत्तरं आली. पाकीट प्रत्येकाकडे होतं, न फोडलेलं. एकात सहा तारीख, एकात पंधरा, एकात अकरा. मी ओळीने मांडलं तर सहापासून सतरापर्यंत बारा दिवस, एकही सुटलेला नाही. दरवर्षी नदी चढते ती याच दिवसांत, हे काठावरच्या कोणालाही ठाऊक असतं. तारीख जिथे जुळली तिथे बाबा वाजतगाजत हजर झाले. जिथे चुकली तिथे पाकिटाची आठवण करून द्यायला कोण जाणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

अध्यक्षबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "मी तीन दिवस एकच पत्र बघत बसले."

"काखेत कळसा आणि गावाला वळसा, बाई."

मग बारा अकादम्यांची बैठक फोनवर बसली. एकीला कागदात 'फसवणूक' हवं होतं, दुसरीला 'योगायोग'. तिसरीला नेहमीप्रमाणे 'गंभीर चिंता' वाटत होती. दोन दिवस घोळ घालून शेवटी माझाच तक्ता ठेवला, खाली एक वाक्य: बारापैकी एक तारीख जुळली, अकरा चुकल्या. बाराही जणांनी सह्या केल्या आणि बारा सरकारांना तो एकाच दिवशी दिला. म्हणजे हा एखाद्या देशाचा मत्सर आहे, असं म्हणायची सोयच राहिली नाही.

सोमवारी मैदानातल्या भोंग्याच्या खांबाला शिडी लागली होती. मंत्र्यांच्या खिशात आमचा कागद होता आणि कपाळावर घाम. "तुम्हीच सांगा लोकांना," ते बाईंना हळूच म्हणाले. आम्ही दोरी बांधली आणि बारा पत्रं चिमट्यांनी टांगली, देशांच्या क्रमाने.

बाबा जराही डगमगले नाहीत. "अज्ञानी जनहो, काळ प्रत्येक देशात वेगळ्या चालीने चालतो."

लोकांनी माना डोलावल्या. माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात आत्या गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि दोरीपाशी गेली. एकेक पत्र तिने वाचलं.

"बाबा, एक विचारते," ती म्हणाली. "आमच्या खालच्या देशाला तुम्ही सहा तारीख दिलीत आणि आम्हाला नऊ. पाणी आमच्याआधी खाली पोहोचलं कसं? नदी काय उलटी वाहणार होती?"

आधी गर्दीतला गावचा धोबी हसला, मग सगळं मैदान. काठावरची माणसं ती, त्यांना नदीची दिशा शिकवावी लागत नाही. बाबांचं पितळ उघडं पडलं. "बाबा, निघायची तारीख काय काढलीत?" मागून कोणीतरी विचारलं. ती त्याच दिवसाची निघाली. मंत्र्यांनी शिडी काढायला सांगितली.

घरी जाताना आत्या पुटपुटली, "कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली म्हणायची."

"गाठ कसली? त्याने बारा फांद्यांवर बारा कावळे बसवले होते, आणि मोडली ती फांदी तेवढी आपल्याला दाखवली."

आत्याने पदर खोचला. मग म्हणाली, "लाज वाटते बाई मला. चल, मशीन वर न्यायला हात लाव."

पुढच्याच वर्षी, भर दुपारी, भोंगा वाजला. संध्याकाळी पाणी आत्याच्या खालच्या खोलीत खिडकीपर्यंत चढलं होतं, जिथे ती झोपायची त्याच खोलीत. मी घाबरून फोन केला. पलीकडे खडखड ऐकू येत होती.

"माडीवर आहे मी," आत्या म्हणाली. "शाळेचे सदरे उद्या द्यायचेत, लवकर बोल." मशीन थांबली नव्हती. माझे मात्र डोळे भरून आले.

म्हणून हात जोडण्याआधी एवढंच करा. कोणी खरं ठरलेलं भाकीत दाखवलं, तर त्याला खोटी ठरलेलीही मागा. तो दाखवणार नाही. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा, त्यांच्याकडे नक्की सापडतील.