काळ्या लेपाखाली

मी एक गाडी आहे, पण मला कुठल्या मोठ्या कारखान्याने घडवलेलं नाही. मी सुट्या भागांत, खोक्यांत भरून आले. अमेरिकेत अशा गाडीला किट कार म्हणतात. बॉडी विकत घ्यायची, एखाद्या म्हाताऱ्या गाडीचा तळ आणि इंजिन आणायचं आणि आपल्या गॅरेजमध्ये आपल्याच हातांनी सगळं जोडायचं. स्वस्तात हौस भागते, असं म्हणतात. माणसं म्हणतात त्यावर मी मात्र चटकन विश्वास ठेवत नाही. का, ते सांगते.

माझी बॉडी फायबरग्लासची, केशरी रंगाची. दारं नाहीत, छप्पर नाही, बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले दोन दिवे. इंडियानातल्या एका शेडमध्ये ती साच्यातून निघाली. खालचा तळ आणि इंजिन एका जुन्या बीटल गाडीचं. ती बिचारी वरून गंजून गेली होती, पण तिचा तळ शाबूत होता.

माझा पहिला मालक वॉल्टर. शिकागोच्या पश्चिमेला व्हीटन गावात राहायचा आणि विमा विकायचा. त्याच्या मुलीचं नाव केली, ती तेव्हा तिसरीत होती. बाप-लेक शनिवार-रविवारी मला जोडायला बसत. ती नट वेचून द्यायची, तो आवळायचा. ते दिवस खरंच चांगले होते.

पण बीटलचा तळ माझ्या बॉडीला लांब पडत होता. अशा वेळी तो मधून फूटभर कापून पुन्हा जोडतात. हे काम मुरलेल्या वेल्डरचं. वॉल्टरच्या मेहुण्याने मात्र नुकतंच वेल्डिंगचं मशीन घेतलं होतं. "बाहेर कशाला द्यायचं?" म्हणाला. त्याने केलेला जोड वरून गुळगुळीत दिसायचा. आत लोखंडाने लोखंडाला धरलंच नव्हतं. मला ते पहिल्या दिवसापासून जाणवत होतं, पण मला विचारतो कोण?

पहिल्याच उन्हाळ्यात वॉल्टर केलीला शेजारी बसवून निघाला. रेल्वेचे रूळ ओलांडताना दणका बसला आणि माझ्या पोटात कड्कन आवाज झाला. केलीची सीट एकदम खाली धसली. तळ रस्त्याला घासून ठिणग्या उडाल्या. केलीला वाटलं, गंमत आहे. ती खिदळत होती. वॉल्टरचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

मेहुण्याने तीच चीर पुन्हा वरवर सांधली. मग वॉल्टरने तिच्यावर डांबरासारखा जाड काळा लेप लावला आणि गॅरेजचं शटर ओढून घेतलं. त्यानंतर माझ्या अंगावर ख्रिसमसच्या सजावटीची खोकी आली, गवत कापायचं यंत्र टेकलं, जुने पडदे आले. मला मोडीत काढायला त्याचा जीव होईना आणि चालवायचं धाडस होईना.

शहाण्णवच्या हिवाळ्यात, केली कॉलेजला जायची झाली तेव्हा, गॅरेज रिकामं करायचं ठरलं. वॉल्टरने पेपरात जाहिरात दिली: नव्वद टक्के पूर्ण, किरकोळ काम बाकी. लोक बघायला येऊ लागले. कुणी टायरला लाथ मारायचं, कुणी रंगावरून हात फिरवायचं. खाली वाकून कुणीच बघत नव्हतं. एक पोरगेलासा नवरा म्हणाला, "बाळाची सीट मागे बसेल ना?" वॉल्टर हसून म्हणाला, "आरामात." मी गारठून गेले. सुदैवाने त्याच्या बायकोला माझा रंग आवडला नाही.

मग सुजाता आली.

सुजाता मूळची नागपूरची. तिने मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलेलं, पण कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगची पाळी आली, की सर म्हणायचे, "मुलींनी लांबून बघा." पुढे नोकरी मिळाली ती सॉफ्टवेअरची, नेपरव्हिलमध्ये. एकदा तरी आपल्या हातांनी गाडी उभी करायची, हे तिच्या मनात कॉलेजपासून होतं. सोबत तिचा नवरा बुद्धभूषण होता. ती त्याला भूषण म्हणायची.

"तू गाडी बनवणार, की हा माणूस तुला बनवणार?" गॅरेजमध्ये शिरता शिरता त्याने मराठीत विचारलं.

"तेच तर बघायला आलेय," ती म्हणाली.

माझ्याआधी तिने आणखी काही किट पाहिले होते. एक लाल, चपटी, इटालियन दिसणारी गाडी तिला फार आवडली होती. "पण बॉडी स्वस्तात देतात यार," ती भूषणला सांगत होती, "आणि मग इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन घेता घेता आपण भिकेला लागतो. पहिल्या वेळी साधंच घ्यावं. हिचे पार्ट्स कुठेही मिळतात." दुसऱ्या एका गाडीचा मालक कागदपत्रं दाखवायला टाळाटाळ करत होता. तिथून ती चहासुद्धा न घेता निघाली होती.

वॉल्टर हसतमुखाने पुढे आला. तिने पहिला प्रश्न विचारला, "का विकताय?"

"फ्लोरिडाला जायचा विचार आहे," वॉल्टर म्हणाला.

"फोनवर तुम्ही पाठदुखी म्हणाला होता."

"पाठीसाठीच तर फ्लोरिडा!"

भूषण मोठ्याने हसला. सुजाता हसली नाही. तिने जमिनीवर पुठ्ठा टाकला आणि चांगला कोट घातलेला असूनही माझ्या खाली सरकली. तोवर माझ्या पोटाखाली मेहुणा आणि वॉल्टर सोडून कुणी आलं नव्हतं. ती टॉर्च मारून कोपरा न् कोपरा बघत होती. वॉल्टरची बडबड वाढली. कॉफी घेणार का, थंडी फार आहे ना, दुपारी दुसरं एक गिऱ्हाईक येणार आहे... दुसरं कुणीही येणार नव्हतं. मला माहीत होतं.

"इथे एवढा जाड लेप कशाला?" खालून तिचा आवाज आला.

"गंजू नये म्हणून."

"बाकी सगळीकडे पातळ आहे. इथेच काळजी वाटली?"

तिने स्क्रूड्रायव्हर काढला. वॉल्टर पटकन म्हणाला, "खरवडू नका. आधी विकत घ्या, मग काय हवं ते करा."

इकडे भूषण माझ्या सीटवर जाऊन बसला होता. आल्यापासून थट्टा करणारा माणूस स्टिअरिंग हातात येताच लहान मुलासारखा झाला. "सुजाता, घेऊन टाक यार! दुसऱ्याने नेली तर?"

मला दोघांचीही भीती वाटली. त्याची, कारण तो भुलला होता. तिची, कारण तीही भुलेल की काय, हे मला सांगता येत नव्हतं. आणि समजा ती शहाणी निघाली, तर मला पार्ट्ससाठी फोडून विकणार नाही कशावरून? मी माणसांकडून चांगल्याची अपेक्षा करायचं सोडून दिलं होतं.

ती बाहेर आली, हात पुसले. "मिस्टर वॉल्टर, एक काम करू. भूषण उतरेल, तुम्ही बसा. आम्ही गाडी ढकलत रस्त्यापर्यंत नेतो. तुम्ही फक्त ब्रेक सांभाळा. उजेडात नीट बघता येईल."

"मी ढकलतो ना. तुमचे मिस्टर बसलेलेच आहेत."

"नाही. तुम्ही बसा."

वॉल्टर हलला नाही. माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून तो शटरच्या दोरीशी चाळा करत राहिला. भूषणचं हसू ओसरलं. तो सावकाश उतरला आणि सुजाताशेजारी जाऊन उभा राहिला.

"तुम्ही तुमच्याच गाडीत बसायला घाबरता," सुजाता हळू आवाजात म्हणाली. "मग दुसऱ्याला कसे बसवता?"

तेवढ्यात घरातून केली बाहेर आली. आता ती बापाएवढी उंच झाली होती. तिने सगळ्यांकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "डॅड, सीट पडल्याचं सांगितलंस ना यांना?"

वॉल्टरने खोक्यावर बसकण मारली. त्याने कुणाकडे न बघता सगळं सांगितलं: मेहुणा, रूळ, ठिणग्या, लेप. "ही हसत होती," केलीकडे बोट दाखवून तो म्हणाला. "मला अजून ते हसणं ऐकू येतं." केलीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

मला वाटलं, आता हे दोघं निघून जाणार आणि माझ्यावर पुन्हा खोकी रचली जाणार. पण सुजाता माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाली, "बॉडी चांगली आहे. इंजिनही चांगलं वाटतंय. मी हे घेते. पण गाडी म्हणून नाही, सामान म्हणून. आणि हा तळ आज, इथे, माझ्यासमोर कापायचा. पुन्हा कुणाला विकता येता कामा नये."

वॉल्टरने स्वतः करवत चालवली. दुखलं का, असं विचाराल तर दुखलं. पण तो काळा लेप तुटून पडला, तेव्हा मला मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

मला भाड्याच्या ट्रकमध्ये घालून परत नेताना भूषणने विचारलं, "एवढा संशय होता, तर घेतलीस काहून?"

"संशय होता म्हणूनच कळलं ना, काय घेतेय ते," ती म्हणाली.

पुढची दोन वर्षं मी नेपरव्हिलच्या गॅरेजमध्ये छताला पट्ट्यांनी टांगलेली होते. सुजाताने दुसऱ्या बीटलचा तळ आणला. तिथल्याच एका कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात ती वेल्डिंग शिकली. सरावाचे जोड ती स्वतःच कापून बघायची आणि आत पोकळी दिसली की पुन्हा करायची. भूषण कंटाळायचा. "बस झालं, आता पुरे!" तिचं पुरे व्हायचं नाही. तळाचा जोड तिने केला, तरी स्वतःवर भरवसा न ठेवता एका अनुभवी वेल्डरकडून तपासून घेतला. त्याने दोन जागी खडूने खुणा केल्या. तिने त्या दोन्ही जागा घासून पुन्हा भरल्या.

आज अठ्ठ्याण्णवच्या जूनमधला रविवार. नेपरव्हिल स्टेशनचं पार्किंग रिकामं आहे. सुजाताने एकटीने मला गोल गोल फिरवलं. दणके दिले, जोरात ब्रेक मारले, मग उतरून टॉर्च घेऊन माझ्या खाली गेली. भूषण जेवणाचा डबा धरून उन्हात उभा होता. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली आणि म्हणाली, "बस."

"नक्की?"

"शंभर टक्के कोण सांगणार? पण मी बघितलंय."

तो बसला, डबा मांडीवर घट्ट धरून. आम्ही निघालो.

वाचकांनो, तुम्हीही कधी पहिली किट कार निवडायला गेलात, तर रंगावर जाऊ नका, घाई करणाऱ्याचं ऐकू नका आणि चांगल्या कपड्यांची काळजी न करता खाली शिरा. माझ्यासारख्या कितीतरी जणी कुणीतरी खाली वाकेल म्हणून वाट बघत असतात. माझा संशय गेलाय, असं मी म्हणणार नाही. आत्ताही प्रत्येक वळणावर माझं सगळं लक्ष पोटाकडे लागलेलं असतं.

समोर रूळ आले आहेत. सुजाताने गिअर खाली घेतला. आता बोलणं थांबवते, मला ऐकायचंय.