शेवटचं नाव

"अंतोन, ह्यांचं नाव कितवं हाय रं?" मंगलमावशीनं कब्रस्तानाच्या फाटकातच विचारलं. तिच्या काखेत नवऱ्याचा निळा कापडी पट्टा होता, धुऊन, इस्त्री करून, चार घड्या घातलेला.

"यंदा गेलेल्याचं शेवटी असतंय, मावशी," अंतोन म्हणाला. यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून त्याला ते बोलताना फार बरं वाटलं.

दरवर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, लोणंदच्या कॅथलिक बंधुसंघाचा चिटणीस मयत सभासदांची नावं वाचतो आणि प्रत्येक नावाला जिवंत बंधू एका आवाजात 'हजर' म्हणतात. त्या वर्षी गेलेल्याचं नाव झालं की घरचं माणूस त्याचा सभासदत्वाचा पट्टा संघाच्या पेटीत ठेवतं. संघ काढला चार रेल्वे गँगमननी, बावन्न साली, कारण ख्रिस्ती माणूस मेला तर गावात खांद्याला चौघं मिळत नसत. मागाहून वाई, सातारा, पार मिरजेपर्यंतचे बंधू येऊन मिळाले. पहिल्या चौघांत अंतोनचा बाप होता, जोतीराम वायदंडे.

जोतीरामचा बाप्तिस्मा मिशनच्या शाळेत झाला होता. त्याच्या आईनं छप्पन्न साली बौद्ध धर्म घेतला. सत्याऐंशी साली ती औंधला वारली. त्यानं तिला खांदा दिला आणि बुद्धवंदनेला हात जोडून उभा राहिला. तेवढ्यावरून मंगलमावशीच्या नवऱ्यानं, अध्यक्ष दादासो रणपिशांनी, भर सभेत त्याला पट्टा काढायला लावला, नाव खोडलं. खांदा देण्यासाठी काढलेल्या संघानं आईला खांदा दिला म्हणून माणूस हाकलला. दोन वर्षांनी जोतीराम गेला. त्याची शवपेटी औंधच्या भावकीनं उचलली आणि संघाचे तीस बंधू पट्टे घालून, हाताची घडी करून बघत राहिले. तेव्हा एकोणीस वर्षांच्या अंतोननं दादासोंचा चेहरा पाठ करून ठेवला.

पाण्याच्या मोटारींना तारा गुंडाळत आयुष्य काढलेल्या माणसाला घाई माहीत नसते. अंतोन संघात शिरला, खुर्च्या मांडल्या, सतरंज्या झटकल्या. अक्षर वळणदार म्हणून दादासोंनीच त्याला चिटणीस केलं. बापाचा विषय म्हाताऱ्यानं कधी काढला नाही, जणू काही घडलंच नव्हतं, आणि तेच अंतोनला जास्त झोंबलं. जूनमध्ये दादासो गेले. अंतोननं त्यांच्या शवपेटीला पुढून खांदा दिला. मनात नोव्हेंबर होता.

चार वाजता वाचन सुरू झालं. एकेचाळीस नावं झाली, एकेचाळीस वेळा 'हजर' झालं. बेचाळिसावं नाव दादासोंचं. मंगलमावशीनं पदर सावरला आणि पट्टा दोन्ही हातांवर घेतला.

"जोतीराम वायदंडे," अंतोन मोठ्यानं म्हणाला आणि त्यानं वही मिटली.

तरुणांना नाव ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते खाली बघू लागले. दादासोंचा नातू यशराज पुढं आला. "आवं काका, आज्याचं नाव ऱ्हायलं."

"ऱ्हायलं न्हाई. खोडलंय."

हे एक वाक्य अंतोननं छत्तीस वर्षं सांभाळलं होतं. आता या घरानंही दर नोव्हेंबरला मान खाली घालून परत जावं.

"हजर."

बायका संघात नसतात, त्या हजेरी देत नाहीत. पण आवाज मंगलमावशीचा होता, आणि ती हजेरी जोतीरामची होती.

"त्या सभेला मी च्या घिऊन दारात हुते," ती म्हणाली. "जोतीरामभावजींनी पट्टा काढला, चार घड्या घातल्या, मग दिला. चुकलं तुमचं, असं मी ह्यास्नी घरी म्हणले. तितं न्हाई बोलले. आज बोलते."

मागून एका म्हाताऱ्यानं 'हजर' म्हटलं, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. अंतोनला हेच हवं होतं, आणि ते दादासोंच्याच घरातून मिळालं. त्याला तिचा भयंकर राग आला.

पट्ट्यांची पेटी उघडी होती. मंगलमावशी पट्टा न ठेवताच तिच्यापुढून गेली, अंतोनपाशी थांबली.

"ह्यांचं पुढल्या साली वाच," ती म्हणाली. "मी असंन, नसंन."

अंतोनचं बोट वहीत त्याच पानावर होतं. त्यानं वही उघडली नाही. मावशी यशराजचा हात धरून फाटकाबाहेर उताराला लागली. पट्टा पुन्हा काखेत होता, घडी न मोडलेला.