कलम एकेचाळीस आणि भानुमतीबाईंचं लुगडं

रामकृष्ण पांढरीपांडे कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर एकही मेमो नव्हता. अडतीस वर्षं त्यांनी तपासणी विभागात काढली. हातात एक लोखंडी गेज. त्याच्या एका टोकातून पुर्जा गेला पाहिजे, दुसऱ्या टोकातून जाता कामा नये. गेला तर माल नापास. वादाला जागा नाही. निवृत्तीनंतर गेज कारखान्यात राहिलं, पण नजर घरी आली. जबलपूरच्या विजय नगरातल्या घरात करंज्यांपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांची तपासणी होऊ लागली. नागपूरला त्यांची बायपास झाली तेव्हा शुद्धीवर येताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "टाके सारख्या अंतरावर आहेत ना?"

आत टाके पडत होते तेव्हा बाहेरच्या बाकावर त्यांच्या पत्नी भानुमतीबाई नर्मदामैयाशी बोलणी करत होत्या. माणूस धडधाकट घरी आण, दोन वर्षांच्या आत या काठापासून त्या काठापर्यंत तुला लुगडं नेसवीन. जबलपुरात मैयाला आरपार चुनरी चढवतात, ती नर्मदा जयंतीला, ढोलताशे लावून. भानुमतीबाईंना ढोलताशे नको होते, आणि चुनरीही नको होती. सवाष्णीला द्यायचं ते लुगडं, आणि तेही नऊवारी. त्यांच्या महिला मंडळातल्या बायका चार महिने लुगड्याला लुगडं जोडत बसल्या. प्रत्येक जोड रामकृष्णरावांनी तपासला आणि त्यातले सहा उसवायला लावले.

याच काळात नर्मदेच्या ग्वारीघाटावर एक घाट सुविधा समिती जन्माला आली. समिती झाली की नियम हवेत, नियम झाले की शुल्क हवं, आणि शुल्क आलं की पावती फाडायला खिडकी हवी. खिडकी आधी बांधून झाली. मग सचिव शालिग्राम दुबे नियमांच्या शोधात विजय नगरला आले.

"पांडेजी," ते म्हणाले. सबंध पांढरीपांडे जबलपुरात कोणीच म्हणत नसे. "आप महाराष्ट्रियन लोग कायदे के पक्के होते हैं. घाट के नियम आप ही बना दीजिए."

रामकृष्णराव एका आठवड्यात बनवतो म्हणाले. त्यांनी तीन दिवसांत बनवले, कारण त्यांचे साडू श्रीपादराव कोकणातल्या एका बंदरावर नोकरीला होते आणि एकदा राहून जाताना तिथली एक जाडजूड नियमावली मागे ठेवून गेले होते. रामकृष्णरावांनी तिचं हिंदी केलं. जिथे जिथे समुद्र होता तिथे तिथे नर्मदाजी लिहिलं. बाकी कशाला धक्का लावला नाही. छापील नियमाला धक्का लावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. फक्त एका जागी त्यांनी स्वतःच्या बुद्धीची भर घातली. कलम एकेचाळीस म्हणत होतं की या काठापासून त्या काठापर्यंत दोर, साखळी किंवा तार ताणणे हा जलमार्गात अडथळा होय. घाटावर नावाड्यांची धोतरं दोन नावांमध्ये दोरीवर वाळताना त्यांनी पाहिली होती आणि त्यांना ती कधीच आवडली नव्हती. म्हणून 'तार'च्या पुढे त्यांनी 'अथवा वस्त्र' असं लिहिलं. दोनशे बारा कलमांत त्यांचं स्वतःचं असं तेवढंच.

नियम लागू झाले. पलीकडच्या गुरुद्वाऱ्यापर्यंत सवारी सोडून दहा मिनिटांत परत येणाऱ्या नावाड्याला आता मागचं बंदर कोणतं आणि पुढचं कोणतं, ते लिहून द्यावं लागे. जाताना मागचं, इस पार. पुढचं, उस पार. परतताना उलट. नावेत उंदीर नसल्याचा दाखला लागे. नदीत तरंगणाऱ्या नावेला गोड्या पाण्याच्या सोयीचं शुल्क लागे. आणि कलम अकरा होतं: नर्मदाजी में ज्वार आने पर ही नाव घाट से लगेगी. ज्वार म्हणजे भरती.

या अकराव्या कलमापाशी मुरलीधर बर्मन अडला. मुरलीधर हा घाटावरचा सर्वांत जुना नावाडी. त्याने खिडकीवर विचारलं, ज्वार कब आएगा. खिडकीत बसणाऱ्या प्रतिमा मॅडमनी सचिवांना विचारलं, सचिवांनी पांडेजींना फोन केला.

रामकृष्णरावांच्या कानापर्यंत रक्त चढलं. नदीला भरती नसते हे त्यांना ठाऊक होतं. लिहिताना ते ठाऊक असणं सुचलं नव्हतं, इतकंच. पण अडतीस वर्षांत एकही चूक न झालेला माणूस फोनवर चूक कशी कबूल करणार? त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "बरगी डैम से पानी छोड़ते हैं, तब लेवल बढ़ता है कि नहीं? वही ज्वार."

दुसऱ्या दिवसापासून खिडकीबाहेर फळा लागला. धरणातून पाणी सुटलं की भरती, बंद झालं की ओहोटी. ओहोटीत सगळी नाव-वाहतूक ठप्प. नावेत बसलेल्या भाविकांनी थांबण्याचं शुल्क भरायचं, त्यातला अर्धा वाटा नावाड्याला. पहिल्या आठवड्यात नावाडी कुरकुरले. दुसऱ्या आठवड्यात पत्ते घेऊन आले.

आणि मग तो सोमवार जवळ आला. ऑपरेशनला दोन वर्षं त्या दिवशी पुरी होत होती. नवसाची मुदत सूर्यास्ताला संपत होती. रामकृष्णराव दोन दिवस आधीच खिडकीवर गेले.

प्रतिमा मॅडमनी अर्ज वाचला. "लुगड़ा मतलब?"

"साडी. नौ गज की. बहुत सारी, जोड़ के."

"साड़ी वस्त्र होती है?"

प्रतिमा मॅडमनी नियमावली उघडली, एकेचाळीस काढलं आणि बोट ठेवलं. "अथवा वस्त्र. देखिए, कितना साफ़ लिखा है. जयंती के दिन छूट है, सोमवार को जयंती नहीं है."

"अहो मॅडम, ते मीच..." एवढं मराठीत बोलून ते थांबले.

सचिव दुबेजी माणूस दयाळू. त्यांनी रामकृष्णरावांना खुर्चीत बसवलं, चहा मागवला आणि पुस्तक चाळत म्हणाले, "पांडेजी, आपने इतना अच्छा बनाया है कि रास्ता भी इसी में होगा." रास्ता त्रेसष्टाव्या कलमात निघाला. नावेतल्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर त्या नावेला सगळे नियम माफ. भरती नको, दाखला नको, अडथळा मोजायचा नाही. "आपका तो बाईपास हुआ है. दो लाइन लिख दीजिए, बस."

रामकृष्णरावांनी दोन ओळी लिहिल्या. अक्षर कारखान्याच्या ड्रॉइंगसारखं. खाली सही, तारीख, वेळ. कलमातून मालही गेला आणि नियमही मोडला नाही. घरी येताना स्कूटरवर ते चक्क गुणगुणत होते.

सोमवारी दुपारी मंडळाच्या बायका लुगड्याचा गठ्ठा घेऊन घाटावर उतरल्या. फळ्यावर ओहोटी होती. नावा ओळीने बांधलेल्या. काठावरच्या खांबाला लुगड्याचं एक टोक बांधून झालं, हळदकुंकू झालं, आणि मुरलीधरने नाव पुढे आणली. तेवढ्यात प्रतिमा मॅडमनी खिडकीतून कागद बाहेर केला, "बीमार के साथ वाला कोई साइन कर दे."

"कोण बीमार?" भानुमतीबाईंनी कागद घेतला आणि वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. "अहो, हे काय लिहिलं?"

"फक्त कागदावर आहे ते."

"मेरी जान को ख़तरा है, असं लिहिलं तुम्ही?"

"कलम त्रेसष्टखाली. फॉर्मॅलिटी."

"फॉर्मॅलिटी?" भानुमतीबाईंचा आवाज चढला नाही, तो खाली आला, ते जास्त वाईट होतं. "मी इथं मैयाले सांगाले आली की माणूस वाचला म्हणून. अन् तुम्ही तिच्याच काठावर लिहून देऊन राहिले की मरून राहिलो? काहून? तिनं कोणाचं खरं धरायचं?"

"अगं, मैया काय फाइल वाचते का?"

"तुमची वाचली होती तिनं. नागपूरले." एवढं बोलून त्या गठ्ठ्यावर हात ठेवून पायरीवर बसल्या. "हा कागद आहे तोवर मी नावेत पाय टाकत नाही. अन् नवस राहिला तर पुढं मले विचारू नका."

रामकृष्णराव उन्हात उभे राहिले. छातीत डाव्या बाजूला काहीतरी हललं. तो आजार नव्हता, पण आजाराची आठवण होती. सूर्य गुरुद्वाऱ्याकडे कलू लागला होता. त्यांनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट करायचं ठरवलं.

ते खिडकीशी गेले, आत दुबेजीही बसले होते, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दुबेजी, वो नियम मैंने बनाए नहीं. समंदर की किताब से उतारे हैं. नदी में ज्वार नहीं होता. सब गलत है. रद्द कीजिए."

फुलवाल्या बाईने हार ओवायचा थांबवला. मग मुरलीधर हसला, वल्हं टेकवून पोटभर हसला.

"बाबूजी, नदी में ज्वार नहीं होता, ये तो हमारी भैंस को भी मालूम है."

"मग... तो फिर बोले क्यों नहीं?"

"पहले बोलने वाले थे. फिर दोपहर को आराम मिलने लगा." त्याने मागे वळून पाहिलं. पत्ते हातात घेतलेले सात-आठ नावाडी मान डोलावत होते. "अब आप रद्द-वद्द मत करवाइए. बाल-बच्चे वाले आदमी हैं हम."

दुबेजींनीही चष्म्यावरून पाहिलं. "पांडेजी, रद्द करने में बड़ी दिक्कत है. आपके ही नियम से नोटिस लाइटहाउस पर चिपकाना पड़ेगा. लाइटहाउस का टेंडर अभी खुला नहीं."

"ठीक है. तो मेरी वो अर्ज़ी वापस दीजिए."

"वापस नहीं होगी," प्रतिमा मॅडम म्हणाल्या. "आवक नंबर पड़ गया. अब या तो आप बीमार हैं, या झूठी घोषणा है. बीमार हैं तो जाइए, नाव खड़ी है. झूठी है तो चालान बनेगा."

"आपके पास क्या सबूत है कि मैं बीमार नहीं हूँ?" सवयीने रामकृष्णरावांच्या तोंडून गेलं, आणि बोलता बोलता त्यांना ऐकू आलं आपण काय विचारतोय ते.

त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत खोचला. चप्पल काढून पायरीवर जोडीने ठेवली. पाण्यात उतरून नावेत चढले आणि मुरलीधरला म्हणाले, "हट जाओ. चप्पू इधर दो."

"बाबूजी, आपका तो आपरेसन..."

"दोन वर्षं झाली त्याला! भानू, बस. लुगडं सोडत ये."

भानुमतीबाईंनी एकदा नवऱ्याकडे, एकदा पाण्याकडे पाहिलं आणि दोन बायकांना घेऊन गठ्ठ्यासकट नावेत बसल्या. मंडळाच्या बाकीच्या काठावरून ओरडू लागल्या, काही धीर देण्यासाठी, काही डॉक्टरला बोलवा म्हणून.

नाव आधी गोल फिरली. मग उलट गोल फिरली. मुरलीधर मागच्या टोकाला दुसरं वल्हं घेऊन बसला आणि काही करत नसल्याचा चेहरा करून नाव सरळ ठेवत राहिला. रामकृष्णराव धापा टाकत वल्हवत होते. पण धाप एकसारखी होती, ती त्यांनी मनातल्या मनात तपासून घेतली. मागे हिरवी, जांभळी, कुंकवाच्या रंगाची लुगडी एकामागून एक पाण्यावर उलगडत गेली. उसवून पुन्हा शिवलेले सहा जोडही टिकले. भर ओहोटीत, दाखल्याशिवाय, मागचं-पुढचं बंदर न लिहिता, वस्त्रासह जलमार्ग अडवून नाव पलीकडे लागली. भानुमतीबाईंनी दुसरं टोक दगडाला बांधलं, हात जोडले आणि बराच वेळ काहीतरी हळू बोलत उभ्या राहिल्या. त्यात आपलं नाव दोनदा आलेलं रामकृष्णरावांनी ऐकलं.

परत आले तेव्हा प्रतिमा मॅडम खिडकी सोडून थेट शेवटच्या पायरीवर आल्या होत्या. हातात दंडाचं चलन तयार. घाटाच्या इतिहासातलं पहिलंच. त्यांचा चेहरा जरा गंभीर आणि जरा लाजलेला.

रामकृष्णरावांनी हात पुढे केला. तळव्याला फोड आले होते. आयुष्यातला पहिला मेमो असा ओल्या पायजम्यात, सगळ्या घाटासमोर मिळेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पण भानुमतीबाईंनी कागद मधेच घेतला.

"उक्त व्यक्ति ने जान का ख़तरा होने की झूठी घोषणा की," त्यांनी मोठ्याने वाचलं. "मौके पर जाँच में उक्त व्यक्ति पूर्णतः स्वस्थ पाया गया, एवं स्वयं नाव चलाते हुए देखा गया." त्या थांबल्या. "पूर्णतः, ऐसा लिखा आपने दीदी?"

"जी, रूल में यही भाषा है."

"अच्छा लिखा. इस पे गोल वाला सिक्का मारो."

प्रतिमा मॅडमनी खिडकीतून शिक्का आणून मारला. भानुमतीबाई शेवटच्या पायरीवर, पाणी पायाला लागेल अशा बसल्या आणि घरातल्या थोरल्या बाईला गावाहून आलेलं पत्र वाचून दाखवावं तसं चलन त्यांनी मैयापुढे पहिल्यापासून पुन्हा वाचलं, सावकाश, तारीख आणि आवक नंबरासकट. वाचून झाल्यावर कागद मागे वळवून नवऱ्यापुढे धरला.

"घ्या, सही करा," त्या म्हणाल्या. "अन् नीट करा. तिले दिसली पाहिजे."