थल्लूसासाठी कोण बोलणार?

रोममध्ये टायबर नदीपलीकडच्या आमच्या गल्लीत भर दुपारी विबिदियसचे दोन गडी शिरले आणि माझ्या बायकोला, थल्लूसाला, चुलीपुढून दंडाला धरून उठवू लागले.

"मालकिणीनं हिला कधी सोडलंच नव्हतं. म्हातारी गेली, आता ही तिच्या पुतण्याची, विबिदियसची," त्यांतला एक म्हणाला.

खरं तर म्हातारीने सहा वर्षांपूर्वी प्रेटरसमोर, म्हणजे शहराच्या मुख्य न्यायाधिकाऱ्यासमोर, तिला गुलामीतून मुक्त केलं होतं. थल्लूसा रोमची नागरिक झाली. मी सिरियाहून आलेला, परकाच राहिलो. शेजारी जमले तसे गडी हटले, पण परवा कोर्टात यायचं बजावून गेले.

"अहो, तुम्हीच उभे राहा ना माझ्यासाठी."

"परक्याला कोण विचारतंय तिथं? तू गुलाम की मुक्त हाच वाद, म्हणून तुलाही बोलता येणार नाही. तुझ्या वतीनं कुणी नागरिकच हवा."

तिने दोन वर्षांच्या मार्थाला जवळ ओढलं. आई गुलाम ठरली, तर तिच्या पोटची पोरही गुलाम.

मी दारोदार फिरलो. धोबी रुफियो नजर चुकवत म्हणाला, "विबिदियसचे कपडे माझ्याकडेच येतात रे. माझ्या पोटावर पाय नको आणूस." दुसऱ्याने तर दारच लावून घेतलं.

उरला लोहार मुस्सिदियस. लंगडा, तोंडाचा फाटका, येता-जाता माझी टर उडवणारा.

"काय रे कांदेखाऊ, तोंड का उतरलंय? बायकोनं हाकललं?"

मी सांगितलं. त्याने हातोडा खाली ठेवला.

"मग आधी माझ्याकडे का नाही आलास, गाढवा?"

कोर्टात विबिदियस तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ही माझी." थल्लूसाचे ओठ पांढरे पडले. मी गर्दीत मार्थाला इतकं घट्ट धरलं होतं, की ती रडू लागली.

लंगडत मुस्सिदियस पुढे झाला. त्याने तिच्या दुसऱ्या खांद्यावर हात ठेवला. "ही स्वतंत्र आहे, असं मी म्हणतो."

न्यायाधीशांनी साक्षीदार मागितला. सहा वर्षांपूर्वी म्हातारीबरोबर प्रेटरकडे आलेले दोघेही मेले होते. पण मुस्सिदियस आदल्या दिवशीच एकाला शोधून आला होता: मुक्त केल्याची खूण म्हणून थल्लूसाला काठी लावणारा, प्रेटरचा आता निवृत्त झालेला सेवक.

"शेकडो माणसांना काठी लावली मी," तो म्हणाला. "सगळी कुठली आठवायला? पण ही काठी लावताक्षणी फटकन शिंकली. प्रेटरसाहेबसुद्धा हसले. मालकीण म्हणाली, शकुन झाला."

विबिदियस ओरडला, "पढवलेला आहे!"

"मग तिचं नाव प्रेटरच्या वहीत पाहा," सेवक म्हणाला.

वही येईपर्यंत थल्लूसा दोन हातांच्या मध्ये उभी होती. कारकुनाचं बोट ओळीमागून ओळ सरकत होतं, थांबत होतं, पुन्हा सरकत होतं. शेवटी त्याने नाव वाचलं.

विबिदियसने हात काढला. थल्लूसा मटकन खाली बसली. मी मार्थाला तिच्या मांडीवर दिलं.

"काका, तुमचे उपकार..." मी मुस्सिदियसला म्हणालो.

"उपकार राहू दे. माझी भट्टी विझली असेल. चल, हात दे."

विबिदियसचे गडी पुन्हा येतील या धास्तीने पुढच्याच महिन्यात आम्ही ती गल्ली सोडली.