जावयाचा वाटा

आमच्या मटणाच्या दुकानामागे दोन खोल्या आणि दारात आमचा कुत्रा. त्याचं नाव जावई, कारण त्याचं ताट सगळ्यांच्या आधी वाढलं जायचं. मेंढीच्या कलेजीत पाण्याची पिशवी निघाली, की तो तुकडा गिऱ्हाईक घेत नाही. आमचे हे सुरी लावायचे, पिशवी फुटायची आणि तुकडा जावयापुढे. वाया कशाला घालवायचा?

वर्षभर मला उजव्या बरगडीखाली जड वाटत होतं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, मळमळायचं. मी म्हटलं, पित्त असेल. नणंद म्हणाली, "वहिनी, वय झालं तुझं." ती माझ्याहून मोठी आहे, पण ते असो. शेवटी परकराची नाडी बांधताना हाताला गोळा लागला, तेव्हा निमूट दवाखाना गाठला.

सोनोग्राफीच्या पडद्यावर एक काळा गोल दिसला, त्याच्या आत आणखी छोटे गोल. डॉक्टरीणबाई बोलायच्या आधीच ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, हे तर मी दुकानात बघतो."

"तेच आहे," बाई म्हणाल्या. "पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा जंत. कच्च्या कलेजीतून कुत्र्याच्या पोटात जातो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून पडतात, केसांना चिकटतात आणि हातावरून आपल्या तोंडात जातात. मग आपल्याही कलेजीत अशी पिशवी धरते. आधी काही आठवडे गोळ्या, मग ऑपरेशन. पिशवी आत फुटता कामा नये. फुटली तर पोटभर पसरते, जिवावरही बेतू शकतं."

ह्यांच्या हातून एकही पिशवी कधी न फुटता निघाली नव्हती.

त्या दिवसापासून हे मला हात लावेनात. गोळीबरोबरचं पाणीसुद्धा टेबलावर ठेवून मागं सरायचे. एकदा पुटपुटले, "माझ्याच हातानं घातलं गं त्याला."

मी भडकले. "आणि कुरवाळलं कुणी? हात न धुता जेवायला कोण बसत होतं?" आधीच मी भीतीनं अर्धी झालेली, त्यात ह्यांची समजूतही मीच काढायची!

ऑपरेशनच्या सकाळी ह्यांनी सर्जनना दारातच गाठलं. "साहेब, माझ्या हातून फुटते हो. तुमच्या हातून...?"

"आधी पिशवीत औषध सोडून आतला जंत मारतो, पाणी ओढून घेतो, मगच हात घालतो," ते म्हणाले. "बसा तुम्ही."

मी शुद्धीवर आले तेव्हा हे उशाशी उभे होते. "फुटली नाही," म्हणाले आणि ढसाढसा रडले. हात मात्र पाठीमागेच होते.

गोळ्या अजून चालू आहेत. जावयालाही जंताचं औषध दिलंय, आणि आता त्याला सगळं उकडून मिळतं. काल मी पहिल्यांदा दुकानात जाऊन बसले. नेमकी पिशवी असलेली कलेजी निघाली. जावई जीभ काढून हजर. ह्यांनी सुरी खाली ठेवली, तो तुकडा अख्खा गुंडाळला, घट्ट बांधला आणि जाळायच्या डब्यात टाकला. मग कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. पुन्हा धुतले. आणि ओले हात घेऊन माझ्यापुढे नुसतेच उभे राहिले.

"झाले की स्वच्छ," मी म्हटलं, आणि त्यांचा हात ओढून टाक्यांवर ठेवला. गार होता. मी तो बराच वेळ धरून बसले.